पायलीभर जवारीचा नवरा

आमच्या निशिगंधाला मेलेल्या माणसांची काही भीडमुर्वतच नाही. जेवायला बसली की ताटाशेजारी वही उघडी. "आजी, आबांच्या आजोबांचं नाव काय? कोणत्या साली गेले? कशानं गेले?" अगं, माणसाला घास तर गिळू दे. सासऱ्यांचं नाव मी पंचावन्न वर्षं तोंडातून काढलं नाही, आणि ही नात वरणात बोट बुडवून त्यांच्या बापाचं नाव विचारते. वहीत तिनं झाड काढलंय. फांदीफांदीवर आमच्या घरातली माणसं लटकवलीत.

"हे झाड हाये का फाशीचं लाकूड?" मी म्हटलं.

ती हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात?

गरज तिचीच होती, ते मी नाकारत नाही. तिचा डॉक्टरकीला नंबर लागला. आमच्या गावातून पहिली पोरगी. पण कॉलेजवाल्यांना जात पडताळणीचा कागद पाहिजे. आम्ही कुणबी आहोत हे आर्णीपासून दारव्ह्यापर्यंत कोणीही सांगेल, पण सांगितलेलं चालत नाही, जुनी नोंद लागते. आमच्या यांच्या, म्हणजे सदाशिवरावांच्या शाळेच्या रजिस्टरात मास्तरानं जातीचा रकाना कोराच ठेवलेला. भाऊ-चुलते असते तर त्यांचा कागद चालला असता. यांना ना भाऊ, ना चुलता.

"मग कोतवाल बुकात असेलच," निशी म्हणाली. गावातले जन्म-मृत्यू कोतवाल ज्या वहीत लिहायचा, ती ही वही. आता तहसिलात ठेवलेली असते.

मी हातातली परात खाली ठेवली. "तिथं जाऊ नोको."

"काहून?"

"म्या सांगतलं म्हणून."

पोरगी दुसऱ्याच दिवशी गेली.

आता काहून, ते सांगते. लग्न होऊन मला आठच दिवस झाले होते. सासूनं मला न्हाणीत नेलं, आतून कडी लावली आणि उकिडवी बसून सांगितलं. यांच्या आधी तिला चार लेकरं झाली होती. चारही वर्षाच्या आत गेली. प्रत्येकाचं बारसं झालं, कोतवालानं नाव वहीत लिहिलं, आणि काही महिन्यांनी त्याच वहीत पुढच्या पानावर मेलं म्हणून लिहिलं. सासूच्या मनानं घेतलं, मरण त्या वहीतून नाव वाचून येतं.

पाचव्या खेपेला हे झाले. नाळ वाळायच्या आत सासूनं यांना सुपात घातलं आणि तांड्यावरच्या जमनी सुईणीच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. पायलीभर जवारीला विकलं. तशी रीतच होती आमच्याकडे. लेकरं जगत नसली की दुसऱ्याला विकायचं, वर्ष-दोन वर्षांनी परत विकत घ्यायचं. मरण फसतं म्हणतात. पण माझी सासू एक पाऊल पुढं गेली. तिनं कोतवालाच्या पाया पडून वहीतही तसंच लिहून घेतलं, की हे लेकरू तांड्यावर रामधनच्या घरी जन्मलं. रामधन म्हणजे जमनीचा नवरा. आणि पुढं परत विकत घ्यायची हिंमत तिला कधी झालीच नाही. हे आमच्या घरात वाढले, आमचं वावर वाहिलं, पण विकलेले ते विकलेलेच राहिले. दर दिवाळीला तांड्यावर जायचे, जमनीला याडी म्हणायचे. आई म्हणायचे तिला, त्यांच्याच बोलीत. विकल्याचं यांना ठाऊक होतं. लिहिल्याचं नव्हतं.

"ते वही कोनी उघडली," सासू म्हणाली होती, "अन् हा तोच म्हनून कोनाच्या तोंडून निंगालं, तं त्याच दिशी..." तिचं बोट माझ्या मंगळसूत्राला लागलं होतं.

पंचावन्न वर्षं झाली. त्या बोटाचा गारवा अजून जात नाही.

निशी तहसिलातून आली ती ओसरीवरच बसली. चप्पल पायातच. पिशवीतून नकलेचा कागद काढला आणि चांगली मोठ्यानं सुरू झाली.

"आजी, आपल्या घरातल्या चार लेकरांच्या नोंदी सापडल्या! बाप आबांचेच वडील, जात कुणबी. पण आबांची नाहीच. आणि त्यांच्या जन्मतारखेला बघ काय आहे. मुलगा, बाप रामधन, जात बंजारी. त्या अख्ख्या महिन्यात गावात दुसरा जन्मच नाही." मग ती थांबली. हुशार आहे, थांबणारच. "आजी, आबा कोण आहेत?"

आत खाट करकरली. मी तिच्या तोंडावर हात दाबला. "हळू बोल, हळू! आयकू जाईन."

"आबांना?"

कोणाला, ते मी तिला कसं सांगणार होते?

त्या संध्याकाळी यांना खोकला लागला. श्रावणात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला खोकला लागतोच, मला काय कळत नाही? पण दुपारपर्यंत नव्हता. कागद घरात आला आणि खोकला आला. ते खोकले की मी हातातलं काम सोडायची, पुन्हा श्वास आत गेल्याचं कानानं ऐकायची, मगच काम उचलायची.

निशीला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. हसली असती तर बरं झालं असतं, चार शिव्या तरी देता आल्या असत्या. ती माझ्याजवळ सरकून लहान पोराला समजावतात तशी बोलली. "आजी, व्हायरल आहे ते. आणि गुरुवारी चौकशीचे साहेब घरी येणार आहेत. आबांना त्यांच्यापुढं सांगावं लागेल, की तो मुलगा मीच. त्याशिवाय आबा त्या चौघांचे भाऊ, हे ठरत नाही."

"नाही सांगनार ते."

"माझी सीट जाईल."

"जाऊ दे."

बोलून तर बसले, आणि माझ्याच तोंडाचं मला भेव वाटलं. पाच वर्षं ही पोरगी माझ्याआधी उठून अभ्यासाला बसलेली. चहा मीच करून द्यायची.

तरी मी तो कागद उचलला आणि तुरीच्या कोठीत हातभर खाली खुपसला. निशीनं घर पालथं घातलं. मी समोरच बसून डाळ निवडत होते. शेवटी ती म्हणाली, "आजी, दुसरी नक्कल मिळते. अर्ज केला की पाहिजे तेवढ्या मिळतात."

पाहिजे तेवढ्या! म्हणजे तितक्या ठिकाणी यांचं नाव वाचलं जाणार. रात्री पडल्या पडल्या एकच सुचलं. विकलेला माणूस रीतीनं परत घेतला, तर तो आपला. आपल्या माणसाचं नाव आपण लिहिलं, तर मरणाला फसवल्याचं खोटं राहत नाही.

बुधवारी सकाळी पायलीभर जवारी सुपात घेतली, वर फडकं टाकलं. पोराला, निशीच्या बापाला, नागोरावला सांगितलं की सूप सारवायला देऊन येते. कोणाला सारवायला देते, हेही त्यानं विचारलं नाही. सूप असं बाहेर देतं का कोणी?

तांडा नाल्यापलीकडे, अर्ध्या तासाची वाट. नाल्यापाशी आले आणि पाय थांबले. परत घ्यायला जाणं म्हणजेच तर सांगणं झालं. मी इकडे जवारी ओतेन आणि तिकडे खाटेवर काय होईल? घरी फोन लावला.

"निशे, आबा काय करून राह्यले?"

"झोपलेत."

"श्वास घेऊन राह्यले का? जवळ जाऊन पाह्य."

"आजी!"

"पाह्य म्हनतो न!"

ती गेली. परत येईपर्यंत मी नाल्याच्या पाण्यात उभीच. "घेत आहेत," ती म्हणाली. या वेळी तिचाही आवाज बारीक झाला होता.

जमनी जाऊन वीस वर्षं झाली. तिचा पोरगा देवसिंग अंगणात मोटारीची वायर सोलत बसला होता. सत्तरी ओलांडलेला, पण दातानं वायर सोलतो.

"या भाभी! सूप घेऊन? कोनाचं लगन काढलं?"

"तुह्या भावाले वापस घ्याले आली."

त्याच्या हातातली वायर खाली गेली. मी फडकं काढलं. त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"घे जवारी, अन् म्हन, देला."

"नाही म्हनत."

"देवसिंग, तुह्या पाया पडतो."

"सदा इक्रीचा नाही, भाभी. याडी मरतानी सांगून गेली, ते लोकं एक दिस सूप घेऊन येतीन, भेलेले राह्यतीन. जवारी घेजो नोको, पानी पाजून वापस पाठवजो." त्यानं खरोखरच सुनेला हाक मारून पाणी मागवलं.

मी तिथंच ओट्यावर बसले. ज्या ओट्यावर यांना ठेवलं होतं, त्याच. "मंग माह्या नातीचं काय करू?"

"नातीचं मी पाह्यतो. सायबापुढं येतो. याडीले मी पयला, अन् सदानंतर पाच सालानं झालो. त्या साली आमच्या घरी लेकरूच नव्हतं, सारा तांडा सांगन. वही खोडाची कायले? वहीत आमचा हाये तं राहू दे आमचा. बाजूले माहा जबाब लिव्हा म्हना."

मला अंमळ धीर आला, आणि लगेच गेला. "पन याईले सोताच्या तोंडानं बोला लागते."

देवसिंगनं वायर उचलून बाजूला ठेवली. "तेवढं लागनच," तो म्हणाला. "मी हात धरून बसतो. याडीच्या जागी."

गुरुवारी साहेब आले. कोवळाच माणूस, चेहऱ्यानं बरा. यांनी धुतलेलं धोतर नेसलेलं, टोपी घातलेली. आदल्या रात्री वहीतलं सगळं मीच सांगितलं होतं त्यांना. ते फक्त दिवा मालवू नको म्हणाले होते. देवसिंग शेजारी बसला आणि यांचा हात त्यानं आपल्या मांडीवर घेतला. मी खाटेच्या उशाशी. जवारीचं सूप खाटेखाली सरकवून ठेवलं होतं, काही झालं तर असू द्यावं म्हणून. काय करणार होते त्याचं, देव जाणे.

साहेबांनी नोंद वाचली. मोठ्यानं. मग विचारलं, "या नोंदीतला मुलगा कोण?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. पंचावन्न वर्षांत हा माणूस सापाला भ्याला नाही, नाल्याच्या पुराला भ्याला नाही. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत भेव होतं, अगदी माझ्यासारखं.

"मी," ते म्हणाले. "तो मीच आहे."

आणि खोकला उठला. असा उठला की ते दुमडून गेले, टोपी खाली पडली, मान गुडघ्यांपर्यंत आली. मंगळसूत्र मुठीत कधी आलं कळलं नाही. निशी दाराला चिकटून उभी होती, पांढरी पडलेली. देवसिंगनं हात सोडला नाही. तो काहीतरी त्याच्या बोलीत पुटपुटत होता, त्यातलं याडी एवढं मला समजलं.

मग खोकला थांबला. काहीच ऐकू येईना. मी कान लावून होते.

"पानी," हे म्हणाले.

पाणी पिऊन त्यांनी जन्मदात्या बापाचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, आणि न विचारता जमनी याडीचंही सांगितलं. साहेबांनी तेही लिहून घेतलं. देवसिंगचा जबाब झाला. सह्या झाल्या. "कळवू," म्हणून साहेब गेले.

हे खाटेवर आडवे झाले. मी छातीकडे पाहत बसले. वर जाते, खाली येते. वर जाते, खाली येते. दिवस अजून मावळायचा होता. सासू 'त्याच दिशी' म्हणाली होती.

तेवढ्यात निशी आली. रंग परत आला होता तोंडावर, हातात ती वही. "आजी, आता आबांची फांदी पूर्ण झाली!"

पूर्ण! माणूस समोर श्वास घेतोय!

मी तिच्या हातातली वही काढून खाटेखाली टाकली, सुपावर. तिचा पंजा धरला आणि यांच्या छातीवर ठेवला. तिनं ओढला नाही. थोड्या वेळानं तिचे ओठ हलायला लागले. ती श्वास मोजत होती, आत्तापर्यंत मी मोजत होते तसे.

"आयक, निशे," मी म्हटलं. "अक्कल लई हाये तुह्याजवळ, पन भेव नव्हतं. बिनभेवाच्या डाक्टरच्या हाती मी माही म्हैसबी नसती देली. आता हात काढजो नोको. दिवस बुडेपर्यंत बस इथं, अन् मंग जाय, हो डाक्टर."