न मरणाऱ्या पेशी

शहाण्णव साली परदेशातल्या पेशी कोरड्या बर्फात घालून थेट तंजावूरला यायला लागल्या, तेव्हा चंद्रमतीला केवढं अप्रूप वाटलं होतं! आता, चार वर्षांनी, त्याच पेशींच्या बाटलीकडं ती संशयानं बघत होती.

काम साधं होतं. या परदेशी पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या मारेकरी टी पेशी सोडायच्या आणि किती मेल्या ते मोजायचं. तिला मार्गदर्शन करणाऱ्या अनिरुद्धराव सरांचं औषध घातलं की त्या मरत नसत. तिचा चार वर्षांचा प्रबंध त्यावरच उभा होता. बिनऔषधाच्या पेशी मात्र पहिल्या वर्षी एकदाच तपासल्या होत्या. आज तिनं पुन्हा तपासल्या. त्याही मरेनात.

तिनं प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंना विचारलं, "शेषम्माक्का, तपासून झालेल्या बशांतल्या पेशी कुठं ओतता?"

"ओतायच्या कशाला गे? त्यात जित्या राहतातच की! मोठ्या बाटलीत परत घालते. दह्याला विरजण ठेवतो ना, तसं. एवढी परदेशी चीज, मोरीत ओतवत नाही मला."

चंद्रमतीला उलगडा झाला. दर आठवड्याला मेल्या त्या गेल्या, वाचल्या त्यांचीच प्रजा वाढली. चार वर्षांत बाटलीभर चिवट पेशी झाल्या. खात्रीसाठी तिनं गोठवून ठेवलेली पहिली कुपी काढून वाढवली. त्या पेशी पटापट मेल्या. बाटलीतल्या जगल्या. औषध कशातच नव्हतं.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, कॉफीचा घोट घेतला.

"कुणाला बोलू नकोस. आपल्या दोघांचा लेख टाइप झालाय."

"पण सर, औषधानं काहीच होत नाही!"

"पेशी जगल्या ना? आकडे खोटे आहेत का? उद्या कुणी विचारलंच, तर शेषम्मानं घोळ घातला म्हणू. तिला कोण विचारतंय!"

सर हसले. ओठांवर कॉफीचा फेस तसाच. चंद्रमतीला शिसारी आली, त्यांची आणि चार वर्षं त्यांच्या मागं मान डोलावणाऱ्या स्वतःचीही.

तिनं लेख ओढून घेतला आणि आपल्या नावावर काट मारली, कागद फाटेपर्यंत.

"डॉक्टर व्हायचं नाही वाटतं, अम्मा?"

"या पेशी का मरत नाहीत, तेच प्रबंधात लिहीन."

"माझी सही मिळणार नाही."

"नका देऊ."

बाहेर शेषम्मा बशा घासत होती. चंद्रमतीनं वही उघडली. "अक्का, पहिल्यांदा कधी परत घातल्यात, आठवतंय? सगळं सांगा."