पोरक्याचे बाबा

गाण्याच्या कंपनीत त्याला सगळे डंका म्हणत. गाणं कोणी लिहायचं, कोणी गायचं हे इतर लोक ठरवत. ते किती थोर आहे हे डंका ठरवायचा, आणि बहुतेक वेळा गाणं ऐकायच्या आधीच. त्याच्या प्रसिद्धीपत्रकात साधा गायक कधी आलाच नाही. एक तर 'युगाचा आवाज' यायचा, नाहीतर 'काळजाला हात घालणारा सूर'. एका वर्षात त्याने सात युगांचे आवाज बाजारात आणले होते. युगांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

घरी बायको आणि आई. बायको कानाच्या दवाखान्यात होती, कोणाला किती ऐकू येतं याच्या चाचण्या घ्यायची. "मी लोकांचे कान तपासते आणि हा भरतो," असं ती माहेरी हसत सांगायची आणि सासरी न हसता. आईला मुलाच्या कामातलं फारसं कळत नसे, पण त्याने लिहिलेलं छापून आलं की ती चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आणि अक्षरन् अक्षर खरं मानायची. असा वाचक घरातच असल्यावर माणूस बिघडणारच.

त्या वर्षी कंपनीने एक नवा गायक घेतला. पंचविशीतला, सडपातळ, चार शब्द बोलायचे तर तीन गिळणारा. आवाज मात्र खरोखरच चांगला होता. त्यामुळे डंक्याची जरा पंचाईत झाली, कारण खरोखर चांगल्या आवाजाचं काय करायचं याची त्याला सवय नव्हती. त्याने नेहमीसारखी चौकशी सुरू केली.

"घरी कोण कोण?"

"आई, बाबा, दोन आत्या. ताईचं लग्न झालंय, पण ती आमच्याकडेच असते बऱ्याचदा."

"आजारपण वगैरे?"

"धाकट्या आत्याला सर्दी होते."

डंक्याने सुस्कारा सोडला. "बाबा काय करतात?"

"लिफ्ट दुरुस्त करतात."

"पितात?"

"चहा."

अशा सुखी घरातून आलेल्या माणसाला पुढे कसं आणायचं? डंक्याने गाण्याचा कागद मागितला. मुलाने स्वतःच लिहिलं होतं. त्याचे बाबा दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करत, पण घरी यायचे जिना चढून, कारण लिफ्टच्या पोटात काय काय असतं ते त्यांना ठाऊक होतं. लहानपणी हा दाराशी बसून त्यांच्या पावलांची वाट बघायचा. गाण्याची पहिली ओळ होती, 'जिन्यात वाजलं पाऊल, ते बाबांचं असेल.'

डंक्याने पेन काढलं, 'असेल'मधला 'अ' खोडला आणि 'न' केला.

एका अक्षरात माणूस गेला. ना डॉक्टर लागला, ना दवाखाना.

"पण बाबा तर आहेत," मुलगा म्हणाला.

"आहेत ना? छानच. गाण्यात फक्त थोडेसे नाहीत."

"थोडेसे?"

"हे बघ, 'असेल' म्हटलं की लोक म्हणणार, बरं झालं बाबा आले. 'नसेल' म्हटलं की रडणार. बरं झालं म्हणणारा गाणं पुन्हा लावत नाही. रडणारा चार वेळा लावतो."

मुलाने तोंड उघडलं आणि, सवयीप्रमाणे, मिटलं. त्या मिटलेल्या तोंडाला डंक्याने होकार समजलं. जाता जाता त्याने त्याचं बारसंही उरकलं. नाव ठेवलं 'पोरका'.

गाणं तुफान चाललं. दिवसातून सहा वेळा रेडिओवर. प्रसिद्धीपत्रकात लिहिलं होतं की पोरका सहा वर्षांचा असताना वडिलांचं छत्र हरपलं आणि तेव्हापासून जिन्यातल्या प्रत्येक पावलाला तो दचकतो. मुलाखतीत वडिलांबद्दल विचारलं की तो लाजेने मान खाली घालायचा, आणि मुलाखत घेणारी डोळे पुसायची. इतका सोयीचा कलाकार डंक्याला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. न बोलता खोटं बोलायचा!

सगळ्यात जास्त रडली ती डंक्याची आई. "अरे, त्या लेकराला एकदा जेवायला आण," तिने धोशाच लावला. आज नाही, उद्या नाही, करता करता एका सुट्टीच्या दुपारी डंक्याला त्याला घरी आणावंच लागलं.

आईने त्याला समोर बसवून वाढलं. ताट रिकामं झालं की पुन्हा वाढलं. तो नको म्हणेना, कारण नको म्हणायला बोलावं लागलं असतं.

"वडील आठवतात का रे बाळा?" आईने विचारलं.

तेवढ्यात टेबलावर ठेवलेला त्याचा फोन वाजला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'बाबा'.

आईने चष्मा सारखा केला. बायकोचा हात भांड्यावरच थांबला. डंक्याने घाईघाईने पाण्याचा ग्लास सांडायचा प्रयत्न केला, पण तो रिकामा निघाला. मुलाने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि फोन उचलला. आपल्या बाबांचा फोन न उचलणं त्याला माहीतच नव्हतं.

"हो बाबा... जेवतोय... हो, पोटभर... येतो."

"कोण रे?" आईने विचारलं.

"गुरू," डंका मध्येच म्हणाला. "गुरूंना बाबा म्हणतो तो."

"बरं झालं बाई," आई म्हणाली आणि तिने आणखी वाढलं. "कोणीतरी आहे लेकराला."

बायको मात्र दिवसभर लोकांच्या कानांशीच काम करणारी. फोनमधून आलेलं 'छत्री घरीच विसरलास रे, आत्याला पाठवू का?' तिला लख्ख ऐकू आलं होतं. पाहुणा गेल्यावर तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"त्याचे वडील जिवंत आहेत?"

"तांत्रिकदृष्ट्या."

"आपण गेलो, हे त्यांना कोणी कळवलंय का?"

"हे बघ, हा कामाचा भाग आहे."

"कळवा," ती म्हणाली. "माणसाला स्वतःबद्दल एवढं तरी माहीत असावं."

डंक्याने कळवलं नाही. पण तीन दिवसांनी सकाळी त्याच्या ऑफिसच्या दारात एक साठीचा, ठेंगणासा माणूस उभा राहिला. पाच मजले चढून आला होता तरी धाप लागली नव्हती. हातात वर्तमानपत्राचं कात्रण, नीट चौकोनी घडी केलेलं.

"मी पोरक्याचा बाबा," तो म्हणाला. "तुमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अर्धा इंच खाली थांबते. सांगून ठेवा कोणाला तरी."

डंक्याने त्यांना बसवलं, दार लावलं आणि चेहऱ्यावर ठेवणीतली गंभीर मुद्रा आणली. ती तो खरं तर शोकसभांसाठी राखून ठेवायचा.

"माझी तक्रार नाही," बाबा म्हणाले. "एका इमारतीत कामाला गेलो होतो, तिथल्या पहारेकऱ्याच्या रेडिओवर ऐकलं. मग हे कात्रण मिळालं. फक्त एक विचारायचं होतं. मी कशाने गेलो?"

"ते... आम्ही मोघम ठेवलंय."

"मोघम ठेवलं की लोक वाटेल ते समजतात हो. आमच्या हिच्या गळ्यात पडून परवा एक बाई भर रस्त्यात रडली. हिला वाटलं पर्स मारतेय. हिने तिला बदडली."

"काका, तुमच्या मुलाचं भविष्य—"

"तेच म्हणतोय. महिना झाला, घरात तो माझ्याकडे बघत नाही. मी खोलीत आलो की उठून जातो. बाकी मला काय, मेलो तर मेलो. पण हे मला जमत नाहीये."

उत्तर नसलं की डंका योजना सांगायचा. म्हणाला, "रविवारी दुपारी चारला मोठा कार्यक्रम आहे. तेवढा होऊन जाऊ द्या. आणि तुमचा विसर पडलाय असं समजू नका. पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी ठेवणार आहोत, वर एक पांढरं फूल. ते गाणं सुरू झालं की दिव्याचा झोत त्या खुर्चीवर पडेल."

"खुर्ची माझ्यासाठी?"

"तुमच्या स्मृतीसाठी."

"पण खुर्ची माझी."

"तशी... हो."

"बरं," बाबा म्हणाले. कात्रणाची पुन्हा घडी घातली आणि जिन्याने उतरून गेले. आपण माणसाला किती छान पटवतो याचं डंक्याला संध्याकाळपर्यंत कौतुक वाटत राहिलं.

रविवारी सभागृह खच्चून भरलं. दुसऱ्या रांगेत डंक्याची आई दोन रुमाल घेऊन बसली होती, शेजारी बायको. चारला पाच मिनिटं कमी असताना इस्त्रीचा शर्ट घातलेला एक ठेंगणासा माणूस पहिल्या रांगेत शिरला, मधल्या खुर्चीवरचं फूल उचललं आणि बसला. बसायला आलेल्यांना जागा दाखवणारी बाई धावली. तिच्या मागून डंका धावला.

"काका, उठा! ही खुर्ची रिकामी ठेवायचीय!"

"कोणासाठी?"

"तुमच्यासाठी!"

"मग आलोय की."

तेवढ्यात दिवे मालवले आणि पडदा वर गेला. डंक्याला विंगेत पळावं लागलं.

पोरका डोळे मिटून गायचा, त्यामुळे चार गाणी सुखरूप पार पडली. पाचवं ते गाणं. वाद्यं सुरू झाली, सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज आले, आणि दिव्याचा झोत ठरल्याप्रमाणे मधल्या खुर्चीवर पडला. तिथे एक गृहस्थ हातात फूल धरून, उजेडाने डोळे बारीक करून बसलेले होते.

कोणीतरी किंचाळलं. त्या आवाजाने पोरक्याने डोळे उघडले आणि गाणं तोंडातच राहिलं. एकेक वाद्य थांबत गेलं. शेवटी तबलेवाला एकटाच वाजवत होता, मग त्याच्याही लक्षात आलं.

डंका दुसऱ्या माईककडे झेपावला. "रसिकहो! किती हृद्य क्षण! हे काका पोरक्यावर मुलासारखं प्रेम—"

"सारखं कशाला?" बाबा खुर्चीतून म्हणाले. "मुलगाच आहे."

"बाबा," पोरका म्हणाला. हळूच म्हणाला, पण माईक चालू होता. सगळ्या सभागृहाने ऐकलं.

मग त्याने डंक्याच्या हातातून तो दुसरा माईकही काढून घेतला. एवढी वाक्यं त्याने सलग बोललेली कोणी ऐकली नव्हती. "हे माझे बाबा. ते गेलेले नाहीत. मी खोटं बोललो. म्हणजे बोललो नाही, नुसता गप्प बसलो. पण ते तेच झालं."

मागून आरडाओरडा सुरू झाला. कोणी चोर म्हणालं, कोणी तिकिटाचे पैसे मागितले. एक बाई तर 'माझे अश्रू परत द्या' असं ओरडली. त्याची सोय कंपनीकडे नव्हती. बाबा उठले, मागे वळले आणि लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलावं तसे शांतपणे म्हणाले, "पैसे देतील ते. पण आलाच आहात तर गाणं ऐकून जा. पोराने बरं केलंय."

तिसरा हिस्सा लोक निघून गेले. उरलेल्यांसमोर पोरका गायला, डोळे उघडे ठेवून, पहिल्यांदा लिहिलं होतं तसं. 'जिन्यात वाजलं पाऊल, ते बाबांचं असेल. पिशवीत माझ्यासाठी एक पेन्सिल असेल.' लोक आधी अवघडून बसले होते, मग पेन्सिलीशी कोणीतरी हसलं. तिसऱ्या कडव्यात बाबा दारात येतात आणि आई म्हणते, ग्रीसचे हात आधी धुवा. सभागृह खळखळून हसलं. विंगेत उभा असलेला डंका ऐकत होता. दोन महिने त्याने हे गाणं गावभर विकलं होतं. गाण्याला तिसरं कडवं आहे हे त्याला आत्ता कळत होतं.

कार्यक्रम संपल्यावर डंक्याची आई त्याच्या अंगावरून सरळ पुढे गेली आणि बाबांसमोर थांबली.

"तुम्ही बरे आहात ना?"

"हो, अगदी."

"मी तुमच्यासाठी फार रडले हो."

"आभारी आहे," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर डंका होता. इतकी प्रसिद्धी त्याला कोणासाठीही कधी मिळवता आली नव्हती. दुपारपर्यंत कंपनीने त्याला काढून टाकलं. त्याने लगेच पत्रक लिहिलं, 'नव्या क्षितिजांच्या शोधात स्वेच्छेने निरोप.' ते कोणी छापलं नाही. आईने वर्तमानपत्र सोडलं नाही, पण आता ती प्रत्येक बातमी सुनेला विचारून घ्यायची, "हे खरं का गं?" हवामानाचीसुद्धा.

आठवड्याने बायको म्हणाली, "जाऊन ये त्यांच्याकडे." डंका गेला. दार पोरक्याने उघडलं, आणि दोन आत्या आतल्या खोलीतून हा यमदूत दिसतो तरी कसा ते बघायला आल्या. डंक्याने येताना पाठ करून आणलेलं सुरू केलं, "माझ्या अंतःकरणाच्या तळापासून उसळणाऱ्या—"

"साधं सांगा," बाबा म्हणाले.

डंक्याने तीन विशेषणं तोंडापर्यंत आणली आणि तिन्ही गिळली.

"चुकलो."

"बरं. बसा, पाणी प्या."

पोरक्याने स्वतःचं नाव परत लावलं आणि तो छोट्या सभागृहांत गाऊ लागला. शंभर-दीडशे माणसं यायची, पण तीच पुन्हा पुन्हा यायची.

आणि डंका? एकदा बदनाम झालेल्या माणसाला पुन्हा काम सहज मिळत नाही, पण दोन महिन्यांत दुसऱ्या कंपनीने त्याला बोलावून घेतलं. तिथले मालक कौतुकाने म्हणाले, "काय चर्चा घडवून आणलीत हो!" त्यांना सगळं ठरवून केलं होतं असंच वाटत होतं. त्यांनी त्याच्या पुढ्यात दोन गायिका बहिणींची माहिती टाकली. "यांचं काहीतरी जबरदस्त करा. एकमेकींचं तोंड बघत नाहीत, असं काहीतरी."

"आईवडील आहेत का?"

"आहेत."

"दोघंही?"

"दोघंही. का?"

"आधी त्यांना बोलवा. मला भेटायचंय."

ती दोघं आली आणि खुर्च्यांच्या कडेला टेकून बसली. आईने पर्स छातीशी घट्ट धरली होती. वर्तमानपत्रं त्यांच्याकडेही येत होती. वडिलांनी घसा खाकरून विचारलं, "आमचं नक्की काय करणार आहात?"

"काही नाही," डंका म्हणाला. "चहा घ्या. मुली लहानपणी कशा होत्या ते सांगा, मी लिहून घेतो."

आई भीत भीत सांगू लागली. डंका लिहीत राहिला. अर्ध्या पानावर त्याचं पेन एका अक्षरापाशी थबकलं, खोडायला खाली आलं, आणि तसंच पुढे सरकलं. तासाभराने मालकांनी दारातून डोकावून पान वाचलं.

"यात बातमी काय आहे?"

"नाहीये," डंका म्हणाला. "मुली कशा गातात ते अजून ऐकायचंय."