दारावर कोणी जायचं

आमच्या असोसिएशनचे चारशे बारा सभासद आहेत आणि त्यातल्या चारशे अकरा जणांना मी फॉर्मवरून कधी ना कधी धारेवर धरलेलं आहे. उरलेला एक शंतनू. त्याला मी कधी बोलले नाही, आणि त्यामुळेच हे सगळं झालं.

असोसिएशन म्हणजे न्यूझीलंडच्या स्टेट हायवेंवर गस्त घालणाऱ्या अधिकाऱ्यांची. लोअर हट गावात एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलतात, सेक्रेटरी मात्र गेली नऊ वर्षं मीच. गाडीच्या सीटमुळे पाठ गेलेल्यांची भांडणं, एका गाडीत एकटाच अधिकारी पाठवण्याविरुद्धची पत्रं, वार्षिक अधिवेशनात शाकाहारी जेवण कमी पडल्याची तक्रार (ही बहुतेक माझीच असते), सगळं माझ्या टेबलावरून जातं. मला नियम आवडतात. लोक मला त्याबद्दल मागून नावं ठेवतात, ठेवोत.

पण खरी जबाबदारी कपाटातल्या पाकिटांची. नवा सभासद आला की तो एक कार्ड भरतो: मला रस्त्यावर काही झालं तर घरी कोणाला सांगायचं, आणि ते सांगायला दारावर कोणी जायचं. कार्ड पाकिटात बंद, पाकीट माझ्या कपाटात, वेळ आल्याशिवाय मीही उघडायचं नाही. खात्याचा माणूस घरी जातोच. पण तो सगळी खातरजमा करून निघतो, आणि तोवर रेडिओ नाहीतर फेसबुक त्याच्या आधी पोचलेलं असतं. त्यापेक्षा घरच्यांनी ते ओळखीच्या तोंडून ऐकावं, अशी आमची पद्धत.

पद्धत जुनी, तिला शिस्त मी लावली. फोनवर कोणाचं नाव घ्यायचं नाही, फक्त गाडीचा नंबर सांगायचा, कारण फोनवर घेतलेलं नाव दहा मिनिटांत गावभर होतं. नंबरवरून माणूस मी माझ्या ड्युटीच्या शीटमध्ये बघायचा. आणि दारावर जाणाऱ्याने फोन बंद करूनच निघायचं. एकदा अशीच बातमी सांगताना एकाच्या खिशात लग्नाच्या वरातीसारखी रिंगटोन वाजली होती, तेव्हापासून हा नियम.

फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी रॉसचा फोन आला. रॉस म्हणजे लेविन भागातला आमचा प्रतिनिधी. एरवी तो 'किआ ओरा, विनया' म्हणून हवापाण्यावर पाच मिनिटं घालवतो. त्या दिवशी सरळ म्हणाला, "चौदा नंबर. लेविनच्या दक्षिणेला. एका गाडीला थांबवून बाजूला उभे असताना मागून एका यूट-पिकअपने उडवलं. श्वास चालू आहे. हेलिकॉप्टरने पामर्स्टन नॉर्थला नेतायत."

"बरं," म्हणाले मी आणि फोन ठेवला. बाई होती की पुरुष, एवढं विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण ते विचारायचं नाही हा नियमही माझाच होता ना.

शीट उघडली. सोमवार, चौदा नंबर: शंतनू.

शंतनू आमच्यातला एकुलता एक मराठी अधिकारी. पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणणारा. दर चौदा एप्रिलला लोअर हटच्या हॉलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला मला आवर्जून बोलावणारा आणि जेवताना स्वतः वाढणारा. त्याची बायको कौमुदी पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलमध्ये नर्स, मुलगी सिद्धी नऊ वर्षांची. मी पाकीट फोडलं. 'कौमुदीला सांगा. हरीशला पाठवा.'

हरीश म्हणजे त्यांचा तिथलाच फार्मसिस्ट मित्र. त्याला मी अकरा वाजून बारा मिनिटांनी फोन लावला, नियम समजावले, आणि जेवढं माहीत होतं तेवढंच सांग, जास्त काही बोलू नकोस, असं दोनदा बजावलं. त्याने मागे कोणाला तरी दुकान बघायला सांगितलं. मग म्हणाला, "तिची नाइट होती ताई. झोपली असेल आत्ता."

"मग उठव," मी म्हणाले. माझा आवाज मलाच कडक वाटला.

त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं. मी केटल लावली आणि चहा न करताच परत खुर्चीवर येऊन बसले. कौमुदी दार कशी उघडेल, हेच डोळ्यांसमोर येत होतं. केस विस्कटलेले, चेहऱ्यावर झोप, आणि हरीशला बघून आधी हसेल.

अकरा चोवीसला माझा फोन वाजला. व्हॉट्सॲपवर फोटो. ओल्या केसांची सिद्धी, अंगावर पोहण्याचे टॉग्ज, हातात निळी रिबन. खाली मजकूर: 'ताई!! सेकंड आली! फायनलला!'

पाठवणारा शंतनू.

खरं सांगते, मला आनंद झाला. असा आनंद, की मी खुर्चीवरून उठून उभी राहिले आणि एकटीच मोठ्याने हसले. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते. कारण तो ओसरल्यावर मग मला आठवलं.

शनिवारी दुपारी मी खिचडी परतत होते तेव्हा त्याचा मेसेज आला होता. 'ताई, मंडेला सिद्धीचे स्विमिंग स्पोर्ट्स आहेत. नायरी माझी शिफ्ट घेतेय, सार्जंटला विचारलंय. घरी कोणाला बोललो नाहीये, सरप्राइज आहे. फॉर्म नंतर भरतो, तुम्ही शीटमध्ये टाकाल ना?' मी एका हाताने लिहिलं होतं, 'टाकते रे. सिद्धीला ऑल द बेस्ट.' आणि टाकलं नव्हतं. दुसऱ्या कोणी असा मेसेज केला असता तर मी त्याला फॉर्मची लिंक पाठवून वर दोन शब्द सुनावले असते. पण हा ताई म्हणतो. ताईने फॉर्म कसा मागायचा?

हरीशला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. नियम पाळणारा भला माणूस. कौमुदीला लावला, वाजत राहिला. नाइट करून आलेली बाई फोन सायलेंटवर टाकूनच झोपणार. आणि उचलला असता तर मी काय सांगणार होते? हरीश येईल, तो म्हणेल त्यावर विश्वास ठेवू नकोस?

शेवटी शंतनूला लावला. मागे पोरांचा नुसता कल्ला.

"ताई, बघितलात फोटो? काय स्विम केलीय सिद्धी—"

"शंतनू, ऐक. घरी पळ. आत्ताच्या आत्ता. हरीश तुझ्या घरी निघालाय, तो कौमुदीला सांगणार आहे की तू हॉस्पिटलमध्ये आहेस."

"मी? मी तर इथे पूलवर—"

"चौदा नंबरला अपघात झालाय."

पोरांचा आवाज तसाच चालू होता. मग तो अगदी हळू म्हणाला, "ताई, त्या गाडीत नायरी आहे."

"माहीत आहे. जिवंत आहे ती. तू पळ."

"ती माझ्यासाठी—"

"पळ म्हणते ना!" मी ओरडले. नऊ वर्षांत त्याच्यावर पहिल्यांदा.

आता नायरी. नायरी वीस वर्षं हायवेवर काढलेली बाई, माझ्याशी प्रत्येक अधिवेशनात हुज्जत घालणारी. माझे फॉर्म म्हणजे छळ आहे, असं तिने एकदा माइकवरून सांगितलं होतं. तिचं पाकीट काढलं तेव्हा घड्याळात साडेअकरा झाले होते. बाराच्या बातम्यांना अर्धा तास. कार्डावर तिचं तिरपं अक्षर: 'माझ्या आईला सांगा, मेव्हिस, नायनाय, लोअर हट. दिवसभर रेडिओ ऐकते. विनयाला पाठवा. ती उगाच गोड बोलत बसणार नाही.'

मी ते दोनदा वाचलं. नऊ वर्षांत चौदा जणांना मी लोकांच्या दारावर पाठवलं होतं, टेबलामागे बसून, आवाज कडक करून. स्वतः एकदाही गेले नव्हते. माझं नाव कोणी लिहील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

फोन बंद केला. म्हणजे शंतनू वेळेत पोचला की नाही हे आता मला कळणार नव्हतं. ऑफिस ते नायनाय दहा मिनिटांचा रस्ता. प्रत्येक सिग्नल लाल लागला. वाटेत मलाच कोणी गस्तवाल्याने थांबवलं असतं तर बरं, असंही वाटून गेलं.

मेव्हिस ऐंशीच्या घरातली, बारीक, ताठ. आतून रेडिओ ऐकू येत होता, कोणीतरी टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलत होतं. मी नाव सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "फॉर्मवाली."

"हो. नायरीला अपघात झालाय. ती जिवंत आहे. रस्त्याच्या कडेला उभी असताना गाडीने उडवलं. पामर्स्टन नॉर्थला नेलंय. एवढंच मला माहीत आहे. मी तुम्हाला न्यायला आलेय."

तिने दाराच्या मुठीला धरलं, सोडलं, मग आत जाऊन रेडिओ बंद केला. अकरा त्रेपन्न. कोट शोधताना तिला बाही सापडेना, ती मी धरली.

ती बाथरूममध्ये गेली तेव्हा मी फोन चालू केला. शंतनूचा एकच मेसेज. 'उशीर झाला ताई. अकरा मिनिटं.'

लेविनपाशी रस्ता बंद होता, आम्हाला वळसा घालायला लावला. पोचायला दोन तासांच्या वर लागले. अकरा मिनिटांत बाई काय काय विचार करते, हे मी मोजत होते. पहिलं मिनिट ऐकण्यात जाईल. मग कपडे. मग सिद्धीला शाळेतून कोण आणणार. मग घराचा हप्ता, व्हिसा, भारतात सासूला फोन कोणी करायचा. अकरा मिनिटं पुष्कळ असतात.

नायरीचं ऑपरेशन चार वाजेपर्यंत चाललं. कमरेचं हाड आणि डावा पाय. जीव वाचला, असं सर्जन बाहेर येऊन म्हणाले, चालायला वर्ष जाईल. मेव्हिसने तेव्हा पहिल्यांदा डोळे पुसले आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"तू फार लवकर आलीस," ती म्हणाली. "रेडिओवर ऐकलं असतं तर मी तिथेच मेले असते."

मला गप्प बसता आलं असतं. कोणाला कळलंही नसतं. पण उगाच गोड बोलणार नाही, म्हणूनच तिच्या मुलीने मला निवडलं होतं.

"मी लवकर नाही आले," मी म्हणाले. "तुमच्याकडे वीस मिनिटं आधी यायला हवं होतं. माझ्या हातून चूक झाली. आधी मी भलत्याच घरी माणूस पाठवला. एका मुलीला सांगितलं, की तिचा नवरा इथे मरायला टेकलाय, आणि तो तर शाळेत मुलीचं पोहणं बघत होता."

मेव्हिसने हात काढून घेतला.

"ती मुलगी कुठे राहते?"

"याच गावात. इथून दहा मिनिटं."

"जाऊन आलीस?"

"नाही."

"फोन?"

"नाही केला."

"मग इथे माझ्या शेजारी काय करतेयस?" ती म्हणाली, आणि आवाजात गोडवा अजिबात नव्हता. नायरी कोणावर गेली ते मला तेव्हा समजलं.

मी गेले. पाच वाजले असतील, ऊन चांगलं कडक होतं. शंतनूची गाडी घरासमोर उभी होती, पायरीवर सिद्धीच्या ओल्या रबरी जँडल्स. गाडीत बसून मी काय बोलायचं ते तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं. माफ कर म्हणायचं, एवढंच शेवटी नक्की केलं. बेल वाजवली.

कौमुदीने दार उघडलं. मला बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग माझ्यासमोर उतरला. मी तोंड उघडणार, तोवर तिने एक हात पुढे करून मला तिथेच थांबवलं, दुसऱ्या हाताने चौकट धरली आणि मान आत वळवून हाक मारली, "शंतनू!"

उत्तर आलं नाही.

"शंतनू!" या वेळी ती किंचाळलीच.

मला माहीत होतं की तो घरात आहे. तिलाही माहीत होतं. त्याची गाडी माझ्या मागे उभी होती. तरी आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, ती चौकट धरून, मी पायरीवर, दोघींचे कान घराच्या आत.

मागच्या अंगणातून आवाज आला, "काय गं? कपडे वाळत घालतोय."

तेव्हा कुठे तिने चौकट सोडली आणि मला म्हणाली, "या."