स्टेशनावरचा नवा रांजण

मित्रांनो, तुमची एक्सप्रेस माझ्यासमोरून धडधडत जाते, तेव्हा माझी पाटीसुद्धा तुम्हाला वाचता येत नसेल. मी एक जुने स्टेशन आहे. काचीगुड्याहून नांदेडकडे निघालात, की हैदराबाद संपता संपता माझा फलाट लागतो.

निजामाच्या काळात गवंड्यांनी मला दगडात बांधले. तेव्हा अरुंद रुळांवर कोळशाची इंजिने यायची. पुढे गाड्यांचे रूळ बदलणारा पॉइंट्समन दौलत इथे आला. त्याची बायको पंचफुला लिंबाखाली रांजण भरून ठेवायची. मराठवाड्यातून कामाच्या शोधात आलेली माणसे पहिले पाणी तिच्या हातचे प्यायची. काहीजण आधी तिचे नाव-आडनाव विचारून जात ताडायचे आणि तहानलेलेच डब्यात जाऊन बसायचे. तरी ती दुसऱ्या दिवशी रांजण भरायचीच.

रूळ रुंद झाले. मोठ्या गाड्या थांबेनाशा झाल्या. माझा रंग उडाला, फलाटावरचा नळ कोरडा पडला. दौलत रिटायर झाला, पण पंचफुलाने रांजण सोडला नाही.

यंदा माघात ती गेली. जुन्या रांजणाला तडा गेला होता, म्हणून उन्हाळा लागताच दौलतने नवा आणला. विहिरीचे पाणी भरून तो लिंबाखाली ठेवला.

पहिल्याच प्रवाशाने घोट थुंकला. "क्या चाचा, मट्टी पिला रै क्या?"

दौलतने मुलाला फोन लावला. "प्रबुद्ध, उद्या न्यायला ये. येतो तुझ्याकडे कुकटपल्लीला कायमचा. तिचं काम मला जमंना."

तो गेला, की इथे कोणाला घोटभर पाणी मिळणार नव्हते.

शहरात बरकतपुऱ्याला राहणाऱ्या आणि इथल्या शाळेत शिकवणाऱ्या कुसुमताई गाडीची वाट पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "दौलतराव, नवा रांजण तीन दिवस भरायचा आणि रोज ओतून द्यायचा. मग मातीचा वास जातो. पंचफुलाबाईंनीच शिकवलं मला."

"मला नाही कधी बोलली."

"तुम्ही कधी भरला होता?"

"नुसता पीत होतो बघा, चाळीस वर्षं."

दौलतने सगळे पाणी लिंबाच्या मुळाशी ओतले आणि पुन्हा फोन लावला. "उद्या नको येऊ. तीन दिवस काम आहे."

चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्याने एक पेला पाणी घेतले, मग दुसरा घेतला आणि गाडीत चढला. दौलत कळशी घेऊन विहिरीकडे गेला. प्रबुद्धला काही त्याने अजून बोलावलेले नाही.

मित्रांनो, मला रंग मिळाला नाही तरी चालेल. पण इथे पाणी प्यालात, तर रांजणावर झाकण नीट ठेवा. आणि तुमच्या घरात कोणी रोज मुकाट्याने काही करत असेल, तर ते कसे करतात, हे आजच विचारून घ्या.