सुट्टे

"वंदना, कुकर बंद कर," कारभारी ओसरीवरून ओरडले आणि शेजारच्या उषाबाईंनी आपल्या घरचा गॅस बंद केला.

उषाबाईंचा काय दोष? कारभारींचा आवाज आताशा सगळ्या गल्लीचा झाला होता, ज्याला लागेल त्याने घ्यावा. ज्यांच्यासाठी तो होता त्या वंदनाबाई मात्र स्वयंपाकघरात भिंतीला टेकून निवांत मेथी निवडत होत्या. कारभारी गुडघ्यांवर हात ठेवून उठले, आत गेले आणि गॅस बंद केला. तोवर वरण बुडाला लागलं होतं. करपल्याचा वास आला तेव्हा कुठे वंदनाबाईंनी मान वर केली.

"झाल्या का शिट्ट्या?"

"मघाशीच झाल्या. किती आवाज देऊन राह्यलो मी."

"हो हो, बरं बरं," वंदनाबाई हसून म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या.

हे 'हो हो, बरं बरं' गेल्या तीन-चार वर्षांतलं. ऐकू कमी यायला लागलं तसं त्यांनी ते शोधून काढलं होतं. कोणी काहीही बोललं तरी ते चालून जायचं. भाजीवाल्याला चालायचं, हळदी-कुंकवाला चालायचं. जालन्याच्या कानाच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, दोन्ही कानांना मशीन लावा, साठेक हजारांचा खर्च आहे. कारभारी तेव्हा "बघू" म्हणाले होते.

बघू म्हणण्यासारखंच होतं. अंबड डेपोत कंडक्टरकीत उभा जन्म गेला. निवृत्तीला जे मिळालं ते मुलाच्या, सूरजच्या, पुण्यातल्या फ्लॅटला लागलं, आणि पेन्शन अशी की सांगायची लाज वाटावी. राहता राहिलं ते एक नाणं. तेही सूरजनेच घेऊन दिलेलं, निवृत्तीच्या वर्षी, बारा-तेरा हजारांना. बिटकॉइन नव्हे, त्याचं धाकटं भावंड, इथर म्हणतात त्याला. मोबाइलमध्येच असतं, हातात घेता येत नाही, वाजवून बघता येत नाही. बारा हजारांचं ते दीड वर्षात तीन लाखांवर गेलं तेव्हा कारभारींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग ते निम्म्यावर आलं, मग पुन्हा चढलं.

"अण्णा, घाबरून विकू नका. होल्ड करा," सूरज फोनवर सांगायचा.

"आयुष्यभर मी लोकाला हेच म्हणलो रे, दांडीला धरून उभे राहा. आता तू मला म्हण."

रोज सकाळी साहेबरावच्या हॉटेलात चहा घेताना ते मोबाइल उघडून भाव बघायचे. साहेबराव हा त्यांचा जुना ड्रायव्हर, निवृत्तीनंतर स्टँडासमोर हॉटेल टाकून बसलेला.

"कारभारी, ह्याच्यात चहा येतो का?" तो विचारायचा.

"येईल. पण तू उरलेले परत कुठून देशील?"

"मंग घेतलं कशाला? खर्चायचं न्हाई, दाखवायचं न्हाई. चहाचे दहा रुपये मात्र रोज उधार."

सगळे हसायचे. कारभारीही हसायचे, पण आपलं बराबर आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. सात रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट काढणारा माणूस त्यांना कधी माणसातला वाटला नव्हता. असल्यांना ते भर गर्दीत सुनवायचे. आता साठ हजारांच्या मशीनसाठी साडेतीन लाखांचं नाणं मोडायचं म्हणजे तेच झालं की. नाणं एकच. ते एकदा मोडलं की संपलं. त्यापेक्षा ते वाढू द्यावं, वंदनाचं काय, ओरडून चालतंय.

तसं ते चाललंही असतं. पण दिवाळीनंतरच्या एका रविवारी सूरजचा फोन आला. कारभारींनी स्पीकर लावून तो दोघांच्या मधे धरला. सूरजचं बोलून झालं आणि जान्हवी, त्याची आठ वर्षांची मुलगी, बोलायला लागली. शाळा, मैत्रीण, मांजर, सगळं आजोबांना सांगून झालं. वंदनाबाई केव्हाच्या हात पुढे करून बसल्या होत्या.

"आता आजीशी बोल," कारभारी म्हणाले.

"आजीला नको ना देऊ आजोबा."

"का गं?"

"मी आजीला म्हटलं माझा दात पडला, तर ती म्हणाली हो हो, बरं बरं. मग मी म्हटलं, मी पण पडले जिन्यावरून. तरी ती म्हणाली बरं बरं. तिला माझ्याशी बोलायचंच नसतं."

वंदनाबाई हसऱ्या चेहऱ्याने फोनकडे पाहत होत्या. हात तसाच पुढे होता. कारभारींनी त्या हाताकडे पाहिलं. मोठ्या माणसाला समजावता येतं, या पोरीला काय सांगायचं? त्यांनी जान्हवीला बाबाकडे फोन द्यायला सांगितलं आणि ते ओसरीवर आले.

"सूरज, ते नाणं मोडून टाक."

"का अण्णा? आता तर कुठे चढून राह्यलंय."

"चढू दे. तुझ्या आईला कानाचं मशीन घ्यायचंय."

"मग घेऊ की. पाव काढू का? टॅक्स जाऊनही तेवढ्यात भागेल."

"पाव काय?"

"पाव नाणं. बाकीचं राहू द्या तसंच."

कारभारींनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"त्याचं पाव होतं?"

"अण्णा, पाव काय घेऊन बसलात? शंभर-दोनशेचा तुकडासुद्धा निघतो. मी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं असशील," कारभारी म्हणाले. "म्हणजे सुट्टे होतात त्याचे."

"होतात ना. पहिल्यापासून होतात."

फोन ठेवून कारभारी ओसरीवरच्या बाजेवर बसले. सुट्टे काढा, सुट्टे काढा म्हणत ज्याचा घसा गेला, ज्याने खिडकीत बसलेल्या म्हाताऱ्यांकडून चार-चार आणे मोजून घेतले, त्याला स्वतःच्या एकुलत्या नाण्याचे सुट्टे होतात हे ठाऊक नव्हतं. आणि विचारावं असंही कधी वाटलं नव्हतं. हसावं की रडावं कळेना. साहेबरावला कळलं असतं तर तो वर्षभर हसला असता. पण कारभारींना हसू येईना, लाज वाटून राहिली होती, आणि ती सांगायची तर ओरडून सांगावी लागली असती.

पैसे खात्यात आले तसे दोघं जालन्याला गेले. कानाच्या दवाखान्यात मशीन बसवणारी तरुण मुलगी होती. तिने आधी कान तपासले, बराच वेळ तपासले.

"काका, आवाज येईल. पण शब्द ओळखायला वेळ लागेल मावशींना. इतकी वर्षं कानावर नीट पडले नाहीत ना, ओळख राहत नाही. काही शब्द कदाचित परत ओळखूही यायचे नाहीत. जरा लवकर आणायला हवं होतं."

"पैशाचं जमत न्हव्हतं," कारभारी म्हणाले आणि भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत राहिले.

मुलीने मशीन लावलं, बारीकसा खटका दाबला. वंदनाबाई दचकल्या. छताकडे पाहिलं, पंखा होता. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"हे काय वाजून राह्यलं?"

"बांगड्या आहेत मावशी, तुमच्याच."

वंदनाबाईंनी हात हलवून पाहिला. पुन्हा हलवला. नव्या नवरीने हलवावा तसा त्या तो हलवत बसल्या.

"ऐकू येऊन राह्यलं का?" कारभारींनी पुढे वाकून विचारलं.

वंदनाबाईंनी एकदम कानांवर हात ठेवले. "भांडून का राह्यले हो? काय केलं मी?"

मुलगी हसली. कारभारीही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी आवाज खाली आणून पुन्हा विचारायचं ठरवलं, तर निघाला तो नुसता खरखरीत वारा. हळू कसं बोलायचं ते कारभारी विसरून गेले होते.

परतीला अंबडची एसटी मिळाली. निवृत्त कर्मचाऱ्यांना वर्षातले काही महिनेच फुकट पास मिळतो, ते महिने संपले होते, म्हणून तिकीट काढलं. वंदनाबाईंचं अर्धं. कंडक्टर पोरगेलासा होता. त्याच्याकडे सुट्टे नव्हते, त्याने उरलेले पैसे तिकिटाच्या मागे लिहून दिले. कारभारी मनात म्हणाले, अजून तेच चालू आहे. त्यांनीही हजारोंना असं लिहून दिलं होतं. निम्मे लोक उतरताना विसरायचे, आणि मागितल्याशिवाय कारभारींनी कधी कुणाला हाक मारून दिले नव्हते.

गाडीने वेग घेतला. वंदनाबाई खिडकीबाहेर बघत होत्या, मधेच मान वळवून म्हणाल्या, "नाणं गेलं का हो सगळं?"

"न्हाई. थोडंच. सुट्टे होतात त्याचे."

"मंग आधीच का न्हाई केले?"

त्यात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. म्हणून ते जास्त लागलं. कारभारींनी वंदनाबाईंच्या कानाशी तोंड नेलं. "मला म्हाईत न्हव्हतं वंदना. मी कुणाला विचारलंच न्हाई," ते हळू म्हणाले, जितकं हळू जमेल तितकं.

खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या. वंदनाबाईंनी क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"हो हो, बरं बरं," त्या म्हणाल्या.

पुन्हा सांगायचं तर ओरडावं लागलं असतं. कारभारी सरळ होऊन बसले.

अंबडला वंदनाबाई पुढे उतरल्या आणि चालूही लागल्या. मागून कंडक्टरने हाक मारली, "मावशी, सुट्टे राह्यले तुमचे." स्टँडावर दोन गाड्या सुरू होत्या. वंदनाबाई वळल्या नाहीत. कारभारींनी ते पैसे घेतले, झपाझपा जाऊन त्यांना गाठलं, त्यांचा हात धरला आणि नाणी तळहातावर ठेवून वरून मूठ मिटवली.

"हे काय?"

"तुझे सुट्टे."

"एवढ्याशासाठी पळत आले?" त्या म्हणाल्या. मूठ उघडून त्यांनी नाणी पाहिली, एकदा कानाजवळ नेऊन खुळखुळवली, आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.