शिंप्याच्या पोटरीतील तंतुकणिका

मित्रांनो, मी एक जुनी तंतुकणिका, म्हणजे पेशीतले ऊर्जा घडवणारे इवले यंत्र, आहे. एका शिंप्याच्या उजव्या पोटरीतील पेशीत मी राबते. आता फार थकले आहे. तरी माझी हकिगत ऐका.

पानातील हरितद्रव्य सूर्याचे ऊन पकडते आणि साखरेत बांधून ठेवते. ते धान्यातून शिंप्याच्या पोटात व रक्तावाटे माझ्या दारी येते. ती गाठ सोडवणे हे माझे काम. माझ्या आतील घडीदार पडद्यात इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकतात. शेवटी प्राणवायू त्यांना सामावून घेतो. त्या जोरावर हायड्रोजनचे कण पडद्यापलीकडे ढकलले जातात. परत येताना ते एक इवलेसे चक्र फिरवतात आणि एटीपी हे ऊर्जा वाहणारे द्रव्य घडते. त्याच बळावर पोटरी आकुंचन पावते. हे एटीपी फारसे साठवता येत नाही, लागेल तसे घडवावे लागते. म्हणून आम्हा तंतुकणिकांना उसंत ठाऊकच नव्हती.

शिंपी दिवसभर पायमशीन चालवी. घर खाली, दुकान वरच्या मजल्यावर. जिना चढताना तो शीळ घाली. गिऱ्हाइके म्हणत, "मास्तर, या वयात काय पाय आहेत तुमचे!" कौतुक पायांचे होई. आमचे नाव कोण घेणार?

पुढे मुलाने हौसेने मशीनला मोटर बसवली. "बाबा, आता नुसता पायाचा अंगठा टेकवा!" जेवणही वर येऊ लागले. पेशी बिनकामाच्यांना पोसत नाही. माझ्या शेजारणी एकेक करून मोडीत निघाल्या.

मग जिन्यावर शिंप्याला धाप लागू लागली. सून घाबरली. "बाबा, अशक्तपणा आहे. ग्लुकोजचं पाणी घ्या."

"अगं, सकाळपासून हेच चाललंय! मी माणूस आहे की हौद?"

साखर दारी थप्पीने आली; जाळायला आम्ही उरलो होतो कुठे? तिची चरबी झाली.

शेवटी मुलगा म्हणाला, "दुकान आता रिकामं करू. जिना झेपत नाही तुम्हाला."

शिंप्याचा चेहरा पडला. सुनेने बोलावलेल्या डॉक्टरीणबाईंनी पोटरी दाबून पाहिली. "ग्लुकोज बंद. पायाला काम द्या, हळूहळू."

"आणि दुकान?"

"ते पायालाच विचारा."

"महिनाअखेरपर्यंत थांब रे," शिंपी मुलाला म्हणाला आणि त्याने मोटरचा पट्टा उतरवला.

ते दिवस फार कठीण गेले. आम्ही मूठभर, मागणी मोठी. आमचे एटीपी पुरेना, तेव्हा पेशीने साखर अर्धवटच मोडली. आम्ल साचले, पोटरी लवकर थकू लागली. मला विश्रांती हवी होती, पेशीच्या केंद्रकाकडून निरोप मात्र आला, "वाढा." मी मधोमध आवळत गेले आणि दुभंगले. आता मी दोन आहे, आणि दोघीही दमलेल्याच.

महिनाअखेरीस शिंपी जिना चढू लागला. अर्ध्यावर तो बसला. मुलाने खालून हाक मारली.

"बाबा, राहू द्या. खाली या."

"खाली कशाला? गिऱ्हाईक वर येऊन बसलंय. जरा दम खाऊ दे."

तो उठला. पोटरी थरथरली. होती नव्हती तेवढी चक्रे आम्ही फिरवली. पायरीमागून पायरी गेली आणि दुकानात पोचून तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "या, माप घेतो."

मित्रांनो, तुमच्याही पोटऱ्यांत आम्ही आहोत. मायेपोटी आम्हाला नुसते भरवू नका, राबवा. राबून थकलेली तंतुकणिका उद्या पुन्हा कामाला लागते. बसून राहिलेली उद्या नसते.