अनुयाच्या केळी

जयपूरच्या रेल्वे कॉलनीत गिरिजाबाईंचा शब्द हलक्या आवाजातला, पण वजनाचा. कुठल्या एकादशीला काय चालतं, उद्यापन कसं करायचं, हे विचारायला राजस्थानी बायकासुद्धा त्यांच्याच दारात येत. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या हळदीकुंकवाला तर चपलांना पायरी पुरत नसे.

२००६च्या उन्हाळ्यात शेजारच्या क्वार्टरात अनुया राहायला आली आणि ही वर्दळ हळूहळू भिंतीपलीकडे सरकली.

अनुया रत्नागिरीची. आल्या आल्या म्हणाली, "काकू, डोळ्यांना हिरवं दिसलं नाही तर मला घास जात नाही बघा." तिने अंगणावर हिरवी जाळी ताणली, शेणखत ओतलं, तांदूळ धुतल्याचं पाणीसुद्धा वाया जाऊ दिलं नाही. केळी, कर्दळ, अळू, कोपऱ्यात दोन सुपाऱ्या. पावसाळा सरेपर्यंत केळीची पानं भिंतीवरून गिरिजाबाईंच्या अंगणात डोकावू लागली. यांच्या अंगणात तुळस तेवढी तगली होती, तीही बिचारी काडीला चार पानं धरून.

"काय गार वाटतं गं तिकडे," गिरिजाबाईंचे यजमान मुरलीधरराव एकदा बोलून गेले.

"मग जेवायलाही तिकडेच बसा," गिरिजाबाई हळूच म्हणाल्या. जपात कितवा मणी चालला होता ते विसरलं. माळ पुन्हा पहिल्यापासून धरावी लागली.

देवापुढे बसलं तरी डोळ्यांसमोर केळीच. मत्सर वाईट हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण ठाऊक असून तो जातो थोडाच.

समोरच्या सुशीलाजी दर गुरुवारी चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, देवळात केळीची पूजा करायला जात. बुंध्याशी हळदीचं पाणी, हरभऱ्याची डाळ, गूळ. गिरिजाबाई त्यांना म्हणाल्या, "इतक्या लांब कशाला जाता, सुशीलाजी? अनुयाकडे केळ आहे की. सगळ्याच जा."

तोंडात देवाचं नाव, मनात वेगळंच चित्र: गुळाला मुंग्या, सगळीकडे चिखल, अळवावर पाय. आणि देवाचं काम म्हटल्यावर अनुया नाही कशी म्हणेल?

अगदी तस्संच झालं. त्या गुरुवारी अळू आडवं झालेलं पाहून गिरिजाबाईंना उपास सोडताना वरणभात फार गोड लागला.

पण अनुया रडली नाही की चिडली नाही. तिने अळू मागे हलवलं, बुंध्याभोवती विटांचा ओटा केला, खाली सतरंजी घातली आणि डाळ-गुळासाठी परात ठेवली. मग काय, बायका पूजा करून जेवणवेळेपर्यंत तिथेच बसू लागल्या.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार उजाडला. गिरिजाबाईंनी कलश मांडला, वेणी माळली, कुंकवाची कोयरी पुढ्यात घेऊन बसल्या. दार सताड उघडं. भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज येत होते. सवाष्णींना कुंकू लावल्याशिवाय व्रत पुरं होत नाही, आणि पायरीवर एक चप्पल नव्हती. हाक मारायला त्या उठल्या आणि परत बसल्या.

तेवढ्यात अनुयाच दारात. "काकू, तिकडे चला ना. तुम्हीच सगळ्यांना माझ्याकडे पाठवलंत, सुशीलाजींनी सांगितलं. नाहीतर इथे मला कोण विचारत होतं?"

आभार मानत होती पोर. गिरिजाबाईंना तिच्याकडे बघवेना.

"मांडलेला कलश सोडून कशी येऊ गं?"

"मग आम्हीच येतो की."

आणि खरंच, ती सगळ्यांना घेऊन आली. खोली भरली, पायरी भरली. गिरिजाबाईंनी एकेकीला हळदकुंकू लावलं, हातावर साखर ठेवली.

"हम तो बातों में भूल ही गए थे, भाभीजी," सुशीलाजी हसत म्हणाल्या. "अनुया ले आई."

शेवटी अनुया पुढे झाली, तिने कपाळ वर केलं. गिरिजाबाईंनी बोट कुंकवात बुडवलं. भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत, त्यांनी ते तिच्या कपाळाला नीट, गोल टेकवलं.

"पुढच्या गुरुवारीही घेऊन ये हो सगळ्यांना," त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की अनुयाला पुन्हा विचारावं लागलं. आणि त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं.